दुसऱ्याला देताना

माझ्या धाकट्या दिरांना घरातले सगळे भिंगरी म्हणतात. मी मात्र भाऊजी म्हणते, कारण मला त्यांच्याशी वरचेवर भांडावं लागतं, आणि मानानं हाक मारून भांडलं की ते जास्त लागतं. हा माणूस दात घासताना जिन्यावर सापडतो. फोनवर बोलायला लागला की स्वयंपाकघर, गॅलरी, पुन्हा स्वयंपाकघर अशा फेऱ्या सुरू होतात आणि बाकीच्यांनी भिंतीला चिकटून उभं राहायचं. कुठलंही पुस्तक त्यांनी शेवटपर्यंत वाचलेलं मी पाहिलेलं नाही. चार पानं वाचतात, ‘कळलं’ म्हणतात आणि उठतात. पंचाईत अशी की बहुतेक वेळा त्यांना खरंच कळलेलं असतं, त्यामुळे बोलायची सोय राहत नाही.

ते एका हॉस्पिटलात कॉम्प्युटर सांभाळतात. मी वकील आहे, पण माझी सगळी वकिली घरमालक आणि भाडेकरूंची: कुणी भिंत पाडली, कुणी पोटभाडेकरू ठेवला, कुणी किल्ली देत नाही. त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे हे, अगदी शांत. दोघांच्या वाट्याची चुळबूळ धाकट्यालाच मिळाली, असं सासूबाई होत्या तोवर म्हणायच्या.

सासऱ्यांना मीही बाबाच म्हणते. बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापायला जाणारं प्रत्येक पान त्यांच्या नजरेखालून जायचं आणि त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. निवृत्त झाल्यावर काही वर्षांतच त्यांना असा आजार झाला की शरीर एकेक करून संप पुकारत गेलं. आधी हात, मग पाय, मग जीभ. डोकं आणि डोळे तेवढे कामावर राहिले. ज्या दिवशी बाबांचा शेवटचा शब्द कुणालाच कळला नाही, त्या दिवशी भाऊजी घरात इतके चालले की खालच्या मजल्यावरचे वर येऊन चौकशी करून गेले.

त्याच अस्वस्थपणातून तो प्रोग्राम जन्माला आला. पडद्यावर अक्षरांचा तक्ता आणि वर छोटा कॅमेरा. बाबा ज्या अक्षराकडे क्षणभर टक लावतील ते अक्षर उमटतं, शब्द झाला की यंत्र तो बोलतं. बाबांनी पहिलं वाक्य जुळवायला सकाळ खर्ची घातली. वाक्य होतं: “पंखा कमी करा.” त्यात ‘करा’ आधी चुकीचं उमटलं होतं, आम्हाला सगळ्यांना कळलंही होतं, पण बाबांनी मागे जाऊन ते दुरुस्त केल्याशिवाय यंत्राला बोलू दिलं नाही. आम्ही तिघं रडत होतो आणि पंखा कमी करायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

अशा आजाराची घरं जगात पुष्कळ. भाऊजींनी ठरवलं, प्रोग्राम इंटरनेटवर टाकायचा, ज्याला हवा त्यानं घ्यावा. त्यासाठी ते माझ्याकडे आले.

“नुसता टाकून दिला, काही न लिहिता, तर चालेल ना वहिनी?”

“लोक वापरतील, पण चोरून,” मी म्हटलं. “तुम्ही लिहिलंत त्या क्षणी त्यावर तुमचा हक्क लागला. नोंदणी नको, शिक्का नको. मालक गप्प बसला की कायद्याच्या लेखी उत्तर ‘नाही’ असंच असतं.”

“मग ‘घ्या, काय हवं ते करा’ असं लिहितो.”

“लिहा. उद्या एखादी कंपनी घेईल, चार गोष्टी जोडेल, वरून कुलूप लावेल आणि तुमचंच यंत्र तुमच्यासारख्याच दुसऱ्या घराला बंद डबा म्हणून देईल. चालेल?”

चालणार नव्हतं. मग त्यांनी ओपन सोर्सवाल्यांत, म्हणजे आपले प्रोग्राम सगळ्यांना उघडे ठेवणाऱ्यांत, प्रसिद्ध असलेलं एक लायसन्स शोधून आणलं आणि येरझाऱ्या घालत मला त्याचा सारांश सांगितला. मी तो माझ्या भाषेत बसवून घेतला. घर तुमच्याच नावावर राहणार. कुणीही यावं, राहावं, भिंत पाडावी, खिडकी काढावी. मात्र पुढे दुसऱ्या कुणाला ते घर दिलंत, तर ह्याच सगळ्या मुभा त्यालाही द्यायच्या, आणि भिंतीत कुठून कुठली वायर गेली आहे त्याचा नकाशाही द्यायचा. नकाशा म्हणजे कोड, प्रोग्राम ज्या ओळींनी बनतो त्या सगळ्या ओळी. लिहिणाऱ्यांची नावं पुसायची नाहीत. अट मोडली की परवानगी संपली, आणि परवानगी संपल्यावरही जो आत बसतो तो घुसखोर. मला ही कल्पना फार आवडली. हक्क राखून ठेवायचा कायदा आहे, आणि त्याच हक्काच्या जोरावर गोष्ट सगळ्यांना मोकळी ठेवायची, हे माझ्या घरमालकांना जन्मात सुचलं नसतं.

भाऊजींनी प्रोग्रामच्या प्रत्येक फाइलच्या डोक्यावर त्या लायसन्सचं नाव चिकटवलं. पुढे पुढे तर ते असे कडवे झाले की कुणी दुसऱ्याचं बंद सॉफ्टवेअर वापरताना दिसला तरी प्रवचन द्यायचे.

कुठून कुठून लोक छोट्या सुधारणा पाठवू लागले. सगळ्यात मोठी सुधारणा आली ती एका शिक्षिकेकडून. बोलू न शकणाऱ्या मुलांच्या शाळेत त्या शिकवायच्या आणि सवडीनं प्रोग्राम लिहायच्या. आम्ही त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचो. बाईंनी शब्द ओळखायचा भाग लिहिला: दोन अक्षरं पाहिली की यंत्र पुढचा शब्द सुचवतं. बाबांचं बोलणं त्यानं कितीतरी पटीनं वाढलं. बाबा टोमणेसुद्धा मारू लागले. मला एकदा म्हणाले, “कोर्ट तिकडे आहे, इथे हळू बोल.”

मग बाबांच्या पापण्या उतरायला लागल्या.

हे इतकं हळूहळू झालं की आधी आम्ही कॅमेऱ्याची काच पुसत बसलो. डोळा अर्धा झाकला की साध्या कॅमेऱ्याला बुबुळ दिसत नाही. बाबा एका अक्षराकडे बघायचे आणि उमटायचं शेजारचं. ते मागे जाऊन पुसायला बघायचे, तर पुसायचं बटणही सापडायचं नाही. एक चूक समोर दिसते आहे आणि ती दुरुस्त करता येत नाही, याचा त्या माणसाला काय त्रास होत असेल ते मला कळत होतं. शेवटी ते डोळे मिटून घ्यायचे. ‘हो’ला एकदा आणि ‘नाही’ला दोनदा पापणी हलवायची, इतक्यावर आम्ही आलो. एखादं वाक्य सुरू करून त्यांनी अर्ध्यात सोडलं की भाऊजी बाहेर निघून जायचे आणि रस्त्यावरून फिरत राहायचे.

अर्ध्या मिटल्या डोळ्यातूनही नजर पकडणारा कॅमेरा एक कंपनी बनवत होती. तो सुटा मिळत होता. पण त्याच्याबरोबर कंपनीच्या सॉफ्टवेअरचा एक बंद तुकडा यायचा, आणि तो आपल्या प्रोग्रामला जोडल्याशिवाय कॅमेरा चालायचा नाही. त्या तुकड्याचा कोड कंपनी कुणालाच दाखवत नव्हती.

“जोडा की मग,” आमचे हे म्हणाले.

“जोडता येत नाही, दादा. आपल्याच लायसन्सच्या विरुद्ध आहे. बंद तुकडा आत आला की अट मोडली. मीच अट घातली आणि मीच मोडू?”

त्यांनी कंपनीला पत्रांवर पत्रं पाठवली, तुकडा खुला करा म्हणून. कंपनीनं मूग गिळले. महिने गेले. बाबांच्या पापण्या आणखी खाली आल्या. मग एक दिवस कंपनीचा माणूसच भाऊजींच्या हॉस्पिटलात हजर झाला. मी त्याचं नाव साखरसाहेब ठेवलं, कारण त्याच्या तोंडून कडू गोष्टसुद्धा गोड होऊन यायची. त्याचं म्हणणं असं: आम्ही तुमचा प्रोग्राम आणि आमचा कॅमेरा एकत्र करून हॉस्पिटलांना देऊ, पहिलं यंत्र तुमच्या वडिलांना. फक्त तुमचा प्रोग्राम आम्हाला वेगळ्या अटींवर द्या, कुलूप लावायची मुभा असलेल्या. मालक तुम्ही आहात. मालक एकच वस्तू जगाला एका अटीवर आणि आम्हाला दुसऱ्या अटीवर देऊ शकतो.

यातलं शेवटचं वाक्य कायद्यानं बिनचूक होतं. घोडं पेंड खात होतं ते ‘मालक तुम्ही आहात’ या तीन शब्दांत.

मी कोर्टातून येईपर्यंत थांबा, असं मी भाऊजींना बजावून ठेवलं होतं. हा माणूस लिफ्ट यायची वाट बघत नाही, माझी कुठून बघणार? मी घरी आले तर स्वारी खुशीत होती. “झालं काम, वहिनी.” सगळा प्रोग्राम माझ्या एकट्याच्या मालकीचा आहे असं लिहून, सही करून मोकळे झाले होते.

माझं डोकं फिरलं. मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

“आणि बाईंनी लिहिलेला भाग?”

“तो आता माझाच आहे. गेल्या सुट्टीत मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत नव्यानं लिहिला. त्यांची पद्धत मला आवडत नव्हती. त्यातली एकही ओळ जशीच्या तशी नाही.”

“लिहिताना त्यांचा कोड समोर होता?”

“म्हणजे काय, समोर ठेवूनच लिहिला. एकेक ओळ बघून.”

“एखाद्याची कादंबरी समोर ठेवून तुम्ही एकेक वाक्य दुसऱ्या भाषेत केलंत, तर ती कादंबरी तुमची होते का? मूळ लेखकाचा हक्क तिच्यात राहतोच. नव्यानं लिहिणं म्हणजे एखाद्यानं बाईंचा कोड न बघता, नुसतं काय साधायचं आहे ते ऐकून लिहायचं. तुम्ही भाषांतर केलंत, भाऊजी. मालकी तुमच्या दोघांची आहे आणि तुम्ही एकट्यानं सही ठोकलीत.”

ते खोलीत दोन फेऱ्या मारून बाबांच्या पलंगापाशी थांबले. बाबा जागे होते. भाऊजी हळू आवाजात म्हणाले, “त्यांना विचारू. नाही कशाला म्हणतील?”

बाकी छोट्या सुधारणावाल्यांची संमती पटापट आली. बाईंनी मात्र कळवलं, समोरासमोर बोलू. म्हणून रविवार बघून आम्ही दोघं त्यांच्या गावी गेलो. गाडीत भाऊजींनी खिडकी इतक्यांदा वरखाली केली की शेवटी मी तिचं बटण हातानं झाकून बसले.

बाई माझ्याच वयाच्या, बारीक अंगाच्या, बोलताना हातही चालणाऱ्या. शाळेच्या एका लांबट खोलीत त्यांनी आम्हाला बसवलं. बसकी टेबलं, भिंतीवर चित्रांचे तक्ते, आणि कोपऱ्यात झाकून ठेवलेली यंत्रं. भाऊजींनी बाबांचं सगळं सांगितलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

“तुम्हाला नाही म्हणताना मला फार वाईट वाटतंय,” त्या म्हणाल्या. “पण मी नाही म्हणणार आहे.”

“का पण?” भाऊजी उभेच राहिले.

“आमच्या शाळेनं आधी एक बोलका डबा घेतला होता. बंद. एक मुलगी त्याच्यावर बोलायला शिकली. छान बोलायची, भांडायची. मग ती कंपनी दुसऱ्या कुणी घेतली आणि डब्याचं पुढचं काम थांबलं. एक दिवस डबा उघडेना. आत काय आहे ते आम्हाला बघता येईना, कुणाकडून दुरुस्त करून घेता येईना. मुलगी पुन्हा बोटानं दाखवायला लागली. तिला वाटलं, तिनंच काहीतरी चुकीचं केलं म्हणून शब्द काढून घेतले.” बाईंनी कोपऱ्यातल्या झाकलेल्या यंत्रांकडे हात केला. “त्यानंतर मी प्रोग्राम लिहायला शिकले. तुमची अट बघूनच मी माझा भाग तुम्हाला दिला. ती अट नसती तर दिलाच नसता.”

“माझ्या वडिलांकडे वेळ नाही हो.”

“माहीत आहे. मी निर्दयी नाही.”

“मग माझ्या कोडवर तुम्ही अशा अडून—”

“तुमच्या?” बाई पहिल्यांदाच तीव्र आवाजात बोलल्या. “त्या फाइलच्या वर माझं नाव होतं. तुम्ही नव्यानं लिहिलंत तेव्हा ते गेलं. मला त्याच आठवड्यात दिसलं होतं.”

मी भाऊजींकडे बघितलं. हे मलाही माहीत नव्हतं. नावं पुसायची नाहीत ही त्यांच्याच लायसन्सची अट, आणि अट मोडली की परवानगी संपते, हेही त्याच लायसन्सचं. काटेकोर बघायचं तर त्या दिवसापासून बाईंच्या घरात घुसखोर आमचे भाऊजी होते. बाईंनी मनावर घेतलं असतं तर त्यांना कोर्टात उभं करता आलं असतं, आणि बाईंची वकील मी असते तर खटला अर्ध्या तासात संपवला असता.

“मग तुम्ही काही बोलला का नाहीत?” मी विचारलं.

“माझी मुलं तो वापरत होती. भांडण लावलं असतं तर त्यांचंच बंद पडलं असतं.”

भाऊजींचं तोंड इतकंसं झालं. त्यांनी माफी मागितली, नीट, बाईंकडे बघून मागितली. परतताना गाडी घराजवळ आली तसे “मी इथेच उतरतो” म्हणाले आणि चालत सुटले. मला त्यांचा राग आला होता आणि कीवही येत होती. दोन्ही एकदम आलं की मला काम काढून बसावं लागतं.

घरी येऊन मी ते लायसन्स छापून काढलं. आजवर ते मला भाऊजींच्या तोंडून कळलं होतं, म्हणजे चार पानांच्या सारांशाइतकं. विचार असा होता की त्यांनी कंपनीला दिलेलं ते कागदपत्र मागे घेताना काय लिहायचं ते बघावं. भाडेकरार वाचते तसं जेवायच्या टेबलावर बसून एकेक कलम पेन्सिलीनं वाचत गेले. जशी वस्तू आहे तशी घ्या, हमी नाही. ठीक. नावं राखा. ठीक, उशिरा का होईना. कोड द्या. कधी? दुसऱ्याला प्रोग्राम देताना. बदललेला प्रोग्राम ह्याच अटींवर खुला करा. कधी? दुसऱ्याला देताना. मी मागे गेले, पुन्हा पुढे आले. प्रत्येक अट त्याच दाराशी उभी होती. आणि त्याच्या आधी स्वच्छ शब्दांत लिहिलं होतं की स्वतःसाठी, स्वतःकडे, काय वाटेल ते बदला, काय वाटेल ते जोडा आणि चालवा. दुसऱ्याला देत नाही तोवर कुठलीच अट नाही.

मी पेन्सिल खाली ठेवली. घरमालक भाडेकरूला सांगतो, पुढे घर दिलंत तर नकाशा द्या. भाडेकरू स्वतःच्या खोलीत बंद कपाट आणून ठेवतो, त्याला कोण अडवणार?

भाऊजी आले तेव्हा त्यांचे बूट धुळीनं भरले होते. मी कागद त्यांच्या हातात दिला. “बसून वाचा.”

ते उभ्यानंच वाचायला लागले. त्या कलमापाशी आले, पुन्हा वरून वाचलं. मग मात्र खाली बसले, खुर्चीवर नाही, जमिनीवरच.

“म्हणजे बाबांसाठी... घरात...”

“घरात तुम्ही तो कॅमेरा पहिल्या दिवशीच जोडू शकत होतात. बाईंना विचारायला नको, कंपनीला काही लिहून द्यायला नको. अट मोडतच नव्हती.”

लायसन्स मोडणारे पुष्कळ असतात. न घातलेली अट इतक्या निष्ठेनं पाळणारा मी दुसरा पाहिला नाही. त्या निष्ठेपायी बाबा इतके महिने पापणी हलवून ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच बोलत राहिले. ओरडायचं मी ठरवलं होतं, पण त्यांच्याकडे बघून ओरडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साखरसाहेबाला सगळं खरं सांगितलं: मालकी एकट्याची नाही, सही चुकून केली, बोलणी बंद. साहेबाची साखर विरघळली. त्यानं फसवणुकीचा शब्दही काढला, त्याला मी माझ्या कोर्टातल्या आवाजात उत्तर दिलं. कॅमेरा मात्र कुणालाही मिळत होता, तसा भाऊजींनी तो दुकानातून आणला. कंपनीचीही त्यावर अट होतीच: तो बंद तुकडा स्वतः वापरा, पुढे कुणाला देऊ नका. प्रोग्राम म्हणतो देताना उघडं करून द्या. तुकडा म्हणतो देऊच नका. ही दोन माणसं एका छपराखाली राहू शकतात, पण जोडीनं उंबऱ्याबाहेर पडू शकत नाहीत. भाऊजींनी सगळ्यात आधी त्या फाइलवर बाईंचं नाव परत घातलं, स्वतःच्या नावाच्या वर, आणि मग जोडायला घेतलं.

कॅमेरा लागला त्या दुपारी आम्ही सगळे पलंगाभोवती होतो. बाबांचे डोळे नुसत्या फटींसारखे दिसत होते. पडद्यावरचा ठिपका एका अक्षरावर जाऊन थांबला. थरथरला नाही. मग दुसऱ्या अक्षरावर. यंत्र बोललं: “दाढी कर. टोचते.”

भाऊजी हसता हसता रडायला लागले. मग बाबांच्या उशाशी वाकून त्यांनी विचारलं, “बाबा, मधे इतके महिने तुम्ही काहीतरी सांगायला बघत होतात. सुरू करायचात आणि सोडून द्यायचात. काय होतं ते?”

मग ठिपका हलला. “आता आठवत नाही.”

त्यात राग नव्हता. बाबांना आठवत नव्हतं इतकंच. भाऊजी खिडकीशी गेले आणि तिथेच पाठ करून उभे राहिले. त्यांना थोपटायला गेलेला आमच्या ह्यांचा हात त्यांनी झटकला.

त्यानंतर भाऊजींची चुळबूळ वाढलीच. हॉस्पिटलातून दुपारी उगाच घरी यायचे, बाबांशी दोन वाक्यं बोलून परत जायचे. बाबांचं म्हणाल तर त्यांना तोंड फुटलं होतं. वर्तमानपत्र समोर धरायला लावून त्यातल्या चुका सांगायचे.

अशातच एक अनोळखी बाई दारात उभी राहिली. तिचं लाँड्रीचं दुकान होतं. तिच्या नवऱ्याला बाबांचाच आजार, आणि त्याच्याही पापण्या उतरत चाललेल्या. हॉस्पिटलात कुणाकडून तरी तिला आमच्याबद्दल कळलं होतं. तिनं बाबांना बोलताना पाहिलं, पदराशी चाळा केला आणि भाऊजींना म्हणाली, “आमच्याकडे कॉम्प्युटर आहे, भाऊ. ह्याची एक कॉपी द्याल का? तेवढंच हवंय.”

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मला ती हलवताना लाज वाटली, पण कायदा मीच वाचला होता.

“देता येत नाही, ताई,” भाऊजी म्हणाले. बोलता बोलता ते दारापर्यंत जाऊन परत आले. “मी... म्हणजे हे आमच्या घरापुरतं आहे. जोडलेलं दुसऱ्याला दिलं की दोन्हीकडची अट मोडते. एकीकडे माझ्यासारख्यांनी विश्वासानं दिलेलं आहे, दुसरीकडे कंपनीचं... तुम्हाला कसं सांगू.”

“नवरा माझा बोलायचा बंद होतोय,” ती म्हणाली. आवाज तिनं चढवला नाही. “मला अटी कळत नाहीत.”

भाऊजी कपाळ चोळत फेऱ्या मारत होते. त्यांच्या वडिलांना जे मिळालं ते दुसऱ्याच्या नवऱ्याला द्यायचं नाही, आणि हे त्यांच्याच तोंडून सांगायचं, हे त्या माणसाला सोसत नव्हतं. तेवढ्यात यंत्र बोललं.

“तिला शिकव.”

भाऊजी थांबले.

खरंच, कॉपी देता येत नव्हती. कृती सांगता येत होती. मोकळा प्रोग्राम तिनं स्वतः इंटरनेटवरून घ्यायचा, तो सगळ्यांचाच आहे. कॅमेरा तिनं दुकानातून आणायचा. दोन्हीची जोडणी तिनं करायची, तिच्या घरात, तिच्या हातानं, तिच्या नवऱ्यासाठी. कॉपीराइट लिहिलेल्या ओळींवर असतो. कसं करायचं या माहितीवर तो कुणालाच लागत नाही. वकील म्हणून मी हे कुणाला शिक्क्यानिशी लिहून दिलं नसतं, पण कुणी हरकत घेतली असती तर हसत उभी राहिले असते.

“पण बाबा, ह्यांना कॉम्प्युटरचं काहीच येत नसेल,” भाऊजी म्हणाले. “ओळी लिहायला लागतील. महिना जाईल. एका माणसाला शिकवायचं, मग दुसरा येईल, तिसरा येईल. प्रत्येकाला असं पहिल्यापासून—”

ठिपका पुन्हा चालू लागला होता. भाऊजी बोलायचे थांबले. बाबांनी एक शब्द जुळवला, यंत्रानं तो लगेच बोलला.

“बसून.”

लाँड्रीवाल्या ताईंना हे कुणाला उद्देशून आहे ते कळेना. आम्हा तिघांना बरोबर कळलं. भाऊजींनी बाबांकडे बघितलं. मग टेबलापाशी दोन खुर्च्या ओढल्या, एकीवर ताईंना बसवलं आणि दुसरीवर स्वतः बसले.

पहिल्या दिवशी त्यांनी तिला फक्त फाइल कशी उघडायची ते दाखवलं. ती एका बोटानं टाइप करायची आणि प्रत्येक बटणाआधी त्यांच्याकडे बघायची. तोच प्रश्न तिनं फिरून फिरून विचारला. टेबलाखाली भाऊजींचा गुडघा सारखा हलत होता, पण ते उठले नाहीत. ती एका जागी अडली, हात मागे घेतला आणि म्हणाली, “माझ्याकडून काही मोडलं तर?”

“मोडू द्या,” भाऊजी म्हणाले. “परत पहिल्यापासून करू. मी बसलोय.”